काळ्या गाडीवरचं कोळ्याचं जाळं

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसून घ्यायचो. एकच फडकं, एकच बादली, वीस गाड्या. सावलीत गाडी चकचकीत. उन्हात उभी केली की बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेघा. काळ्या रंगाची हौस, दुसरं काय!

आधी वॅक्स चोपडलं. चार वेळा धुतल्यावर रेघा परत हजर. वॅक्स रेघा तात्पुरत्या झाकतं, घालवत नाही. ओरखडे असतात वरच्या पारदर्शक क्लिअर कोटवर, आणि तो साधारण ४०-५० मायक्रॉनचाच (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). पॉलिश करताना हाच थर थोडा घासला जातो, म्हणून हात आखडता ठेवला.

गाडी धुतली, साबणपाणी मारत क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी, फिरवला. मग ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड गोल फिरवता फिरवता डोलवणारं), मऊ फोमचा पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश. आधी वीतभर जागेवर करून टॉर्चच्या उजेडात पाहिलं. तेवढ्यावर भागलं, कडक कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश, लागलंच नाही. कडांवर मशीन दाबलं नाही, तिथे थर पातळ असतो. एकट्या बॉनेटला पाऊण तास गेला. नखाला लागणारा एक खोल ओरखडा मात्र तसाच सोडला.

आता धूळ कोरडी पुसणं बंद. दोन बादल्या (एक साबणाची, एक फडकं खंगाळायची), मायक्रोफायबरचं फडकं, आठवड्यातून एकदा. गाड्या पुसणाऱ्या दादांना "नुसत्या काचा पुसा" म्हटलं, तर ते माझ्याकडे चिक्कू म्हणून बघतात.