ब्रेन बीची तयारी करताना या चुका टाळा

ब्रेन बी ही मेंदूविज्ञानाची स्पर्धा 1998 मध्ये अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाचे प्राध्यापक नॉर्बर्ट मिस्लिन्स्की यांनी सुरू केली. शाळा व कनिष्ठ महाविद्यालयाच्या वयातील मुलांसाठी असलेली ही स्पर्धा स्थानिक, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अशा टप्प्यांनी होते आणि भारतातील विद्यार्थीही तिच्यात उतरतात. सुरुवातीची फेरी बऱ्याचदा पाठांतरावर निभावते; पुढे मात्र रचना, कार्य आणि आजार यांची सांगड घालता आली नाही, तर चांगली तयारी असलेला विद्यार्थीही अडतो.

सर्वांत महागात पडणारी चूक डाव्या-उजव्याची आहे. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूवर नियंत्रण ठेवते, एवढे एकच वाक्य घोकून विद्यार्थी ते सरसकट सगळीकडे लावतात. प्रमस्तिष्काच्या, म्हणजे मोठ्या मेंदूच्या बाबतीत ते चालते. पण अनुमस्तिष्काची, म्हणजे मागच्या लहान मेंदूची उजवी बाजू बिघडली, तर उजव्याच हाताच्या हालचाली बेताल होतात. मेरुरज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूत, गुंता आणखी वाढतो. तिचा डावा अर्धा भाग छेदला गेला, तर इजेच्या खाली डाव्या बाजूची ताकद आणि डाव्याच बाजूची कंपनाची जाणीव जाते, वेदना आणि तापमान मात्र उजवीकडे कळेनासे होते. वेदनेचे संदेश मेरुरज्जूत शिरल्यावर थोड्याच अंतरात पलीकडच्या बाजूला जातात, तर कंपनाचे वर जाणारे आणि स्नायूंना आज्ञा देणारे खाली येणारे संदेश प्रामुख्याने मस्तिष्कपुच्छात, म्हणजे मेंदूच्या मेरुरज्जूला जोडलेल्या सर्वांत खालच्या भागात, बाजू बदलतात, हे त्यामागचे कारण आहे. याचे कोष्टक पाठ करू नये. कोऱ्या कागदावर तिन्ही मार्ग स्वतः काढावेत, बाजू बदलण्याच्या जागी खूण करावी, मग मनाला येईल तिथे काट मारून कोणत्या बाजूला काय बिघडेल ते लिहावे.

दुसरी चूक रंगीत आकृत्यांवर विसंबण्याची. आंतरराष्ट्रीय फेरीत मानवी मेंदूचे खरे नमुने ओळखायचे असतात आणि फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवलेला मेंदू जवळजवळ एकाच फिक्या तपकिरी छटेचा दिसतो. पुस्तकातील निळा थॅलॅमस (मेंदूच्या मध्यभागी असलेला भाग) तिथे नसतो. शिवाय छेद (मेंदू कापल्याची दिशा) बदलला की आकारही बदलतो. कॉडेट केंद्रक हा मेंदूच्या आतील चेतापेशींचा पुंजका वळणदार असल्यामुळे आडव्या छेदात त्याचे डोके पुढे आणि शेपूट मागे असे दोन सुटे तुकडे दिसू शकतात आणि नवखा विद्यार्थी मागच्या तुकड्याला भलतेच नाव देतो. म्हणून आधी छेद कोणता ते ठरवावे, मग पार्श्व निलय (मेंदूतील द्रवाने भरलेली पोकळी) शोधावे आणि त्याच्या संदर्भाने शेजारचे भाग ओळखावेत. सरावासाठी विद्यापीठांनी खुली ठेवलेली खऱ्या नमुन्यांची छायाचित्रे वापरावीत.

रुग्णनिदानाच्या फेरीत अभिनेते रुग्णाची भूमिका करतात. इथे घाई नडते. स्नायूंची कमजोरी ऐकताच आजाराचे नाव सांगून टाकण्याऐवजी बिघाड मेंदूत, मेरुरज्जूत, नसेत, नस आणि स्नायूच्या सांध्यावर की स्नायूतच आहे, हे आधी ठरवावे. पापण्या सकाळी ठीक असून संध्याकाळपर्यंत उतरत असतील, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील आणि संवेदना शाबूत असतील, तर बोट नस आणि स्नायूच्या सांध्याकडे, म्हणजे तिथे संदेश नीट न पोहोचण्याच्या मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजाराकडे जाते. एएलएसमध्येही (स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी नष्ट होत जाण्याच्या आजारात) संवेदना सहसा शाबूत राहतात, परंतु तिथे कमजोरी महिनोन्‌महिने वाढत जाते, स्नायू झिजतात आणि डोळ्यांच्या हालचाली बहुधा बऱ्याच काळपर्यंत टिकतात. थोडक्यात, ‘केव्हापासून’ आणि ‘कशाने वाढते’ हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये.

शिळी माहितीही गुण खाते. मेंदूत 100 अब्ज चेतापेशी असतात आणि आधारपेशी (चेतापेशींना आधार व पोषण देणाऱ्या पेशी) त्यांच्या दहापट, हे अजून अनेक ठिकाणी छापलेले आढळते. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत चेतापेशी सुमारे 86 अब्ज आणि इतर पेशीही जवळपास तितक्याच आढळल्या. सोसायटी फॉर न्यूरोसायन्स या मेंदूशास्त्रज्ञांच्या संस्थेचे ‘ब्रेन फॅक्ट्स’ हे पुस्तक या स्पर्धेच्या अभ्यासाचा पाया मानले जाते, ते मोफत मिळते, त्यामुळे आधी ते पूर्ण वाचावे आणि नंतरच जाडजूड ग्रंथांना हात घालावा. उलट क्रमाने जाणारे विद्यार्थी पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच अडकतात.

सरावचाचणीत गुण एकाच जागी थांबले असतील, तर अधिक पाने वाचण्याआधी चुकांची छाननी करावी. नाव आठवले नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की प्रक्रियाच समजली नव्हती, यांपैकी काय घडले ते प्रत्येक चुकीपुढे लिहावे. क्रियाविभव (चेतापेशीतून धावणारा विद्युत संकेत) ओसरताना सोडियम-पोटॅशियम पंप व्होल्टेज खाली आणतो, असे ज्याने लिहिले, त्याला उजळणीचा उपयोग नाही. ते काम मुख्यतः पेशीच्या आवरणातील उघडलेल्या पोटॅशियम मार्गिका (पोटॅशियम आयन बाहेर जाण्याच्या वाटा) करतात आणि पंप दीर्घकाळ आयनांचा फरक टिकवून ठेवतो, हे त्याने आलेख काढून पुन्हा समजून घ्यायला हवे.