जुनी सुपरबाईक आणि वितळलेला कनेक्टर

गेल्या दिवाळीत 600 सीसीची, चार सिलिंडरची जुनी स्पोर्ट बाईक घेतली. पुण्यातलीच होती, त्यामुळे फॉर्म 29 आणि 30 भरून नावावर करून घेतली. परराज्यातली असती तर एनओसी आणि रोड टॅक्सची धावपळ वेगळीच. बघायला गेलो तेव्हा मालकाने इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं. गरम इंजिनात स्टार्टिंगची खोड लपते, म्हणून गार इंजिन स्वतः स्टार्ट करून बघायचा हट्ट धरायला हवा होता.

आठवड्याभरात खंबाटकी घाटाच्या अलीकडे गाडी बंद. स्टार्टरची नुसती टकटक. नवी बॅटरी टाकली, तीही चार दिवसांत झोपली. मग मल्टिमीटर लावला. 5000 आरपीएमला बॅटरीवर 14 व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत; मिळत होते 12.3, म्हणजे बॅटरी नीट चार्जच होत नव्हती. स्टेटरच्या, म्हणजे इंजिनासोबत वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या, तिन्ही वायरी तपासल्या, रीडिंग सारखं, कुठलीही वायर बॉडीला अर्थ (शॉर्ट) होत नव्हती. शेवटी सीट काढून रेग्युलेटर-रेक्टिफायरच्या (स्टेटरची एसी वीज डीसी करून बॅटरीला योग्य व्होल्टेजला देणारा भाग) कनेक्टरपर्यंत पोचलो. पांढरं प्लास्टिक तपकिरी पडून एका पिनेवर वितळलं होतं, जळका वास अजून येत होता. रेग्युलेटर बदलला, जळका कनेक्टर कापून नवा वॉटरप्रूफ बसवला. आता 14.2 व्होल्ट.

त्याच दिवशी टायरच्या कडेचा आकडा वाचला: 2316, म्हणजे 2016 चा 23 वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर नखाने दाबलं तर दगड! एवढ्या ताकदीच्या गाडीला असे टायर म्हणजे जिवाशी खेळ. दोन्ही लगेच बदलले.