पावसातली पिल्लं दगावतात? या चुका टाळा

जून लागला की गोव्यात पेडणे-सत्तरीकडे एकच रडगाणं असतं: खुडूक कोंबडीने पिल्लं काढली, आठवड्यात निम्मी गेली. मुंगसाला नाहीतर घारीला शिव्या घालून लोक मोकळे होतात. पण आपल्या या दमट हवेत खरा घात करतो तो गारठा.

पहिली घाई एकविसाव्या दिवशीच होते. अंड्याला भोक पडलेलं, आत चिवचिव चाललेली, पण तासन्‌तास पुढे काही नाही. मग कुणाचे तरी हात शिवशिवतात. कवच सोलू नका. बाहेर पडायला पिल्लाला कधीकधी अख्खा दिवस लागतो. त्या वेळात आतल्या पडद्यातलं रक्त शरीरात ओढलं जातं आणि उरलेला बलक पोटात जातो. सोललंत तर रक्त येईल. त्याच बलकावर पिल्लू दोनेक दिवस निभावतं, म्हणून खाण्यापेक्षा आधी ऊब बघा.

बाजारातून आणलेल्या एक दिवसाच्या पिल्लांना आई नसते. त्यांच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ३५ अंश ठेवा, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. थर्मामीटर नसला तरी चालेल. दिव्याखाली ढीग करून कोकलत असली तर थंडी आहे. कडेला चोच उघडून, पंख पसरून बसली तर उकडतंय. सगळी एकाच कोपऱ्यात गेली तर कुठून तरी वारा शिरतोय. आणि पावसात वीज जाणारच! गरम पाण्याच्या बाटल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तयार ठेवा.

खाली वर्तमानपत्र नको, पाय घसरून फाकतात. भाताचं तूस पसरा, ओलं झालं की लगेच काढा. ओल्या तुसात रक्ती हगवण वाढते. विष्ठेत रक्त दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ पशुवैद्य गाठा. शेपटीखाली घाण चिकटली तर ओढू नका, कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून सोडवा. पाण्याची बशी उथळ हवी, त्यात चार खडे. नुसत्या कण्यांवर वाढवू नका, त्यांत प्रथिनं कमी. पिल्लांचं खाद्य आणा.

मानमोडीवरची (म्हणजे राणीखेत रोगावरची) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात थेंब टाकून. आजारी पिल्लांना नको. कुपी बर्फात आणावी लागते, विरघळवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते आणि बहुधा निदान शंभर पिल्लांची असते. तेव्हा वाड्यावरच्या चार घरांनी एकच दिवस ठरवलेला बरा.