लेकराच्या लघवीतून प्रोटीन जातंय म्हटल्यावर काय करायचं

माझा ओंकार चार वर्षांचा होता. पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी उठला की त्याच्या डोळ्यांच्या पापण्या फुगलेल्या दिसायच्या आणि दुपारपर्यंत सूज उतरायची. सासूबाई म्हणाल्या, रात्री उशिरापर्यंत जागतोय, झोप पुरत नाही. एका डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून औषध दिलं. आठ दिवस ते पाजलं. नवव्या दिवशी त्याची चड्डी कमरेला बसेना, पोट टम्म आणि पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. तेव्हा कुठं लघवी तपासली. नेफ्रोटिक सिंड्रोम.

आज तो आठ वर्षांचा आहे, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला शाळेत जातो. मधल्या चार वर्षांत जे शिकले ते आपल्या भागातल्या आयांसाठी लिहितेय. ॲलर्जीच्या औषधात गेलेले ते आठ दिवस मला अजून खुपतात.

सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि लघवीला साबणासारखा फेस, ही दोन लक्षणं दिसली की त्याच दिवशी लघवी तपासून घ्या. चिठ्ठीवर ‘युरीन रुटीन’ एवढंच लिहिलेलं असतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही ही तपासणी होते. डॉक्टरांनी लिहून दिली नाही तर आपण मागा. ‘एकदा लघवी बघूया का डॉक्टर?’ एवढं विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

आजार काय, ते डॉक्टरांनी मला चहाच्या गाळणीवरून सांगितलं. किडनी ही गाळणी. तिची भोकं मोठी झाली की रक्तातलं प्रोटीन लघवीवाटे निघून जातं आणि पाणी अंगात साचतं. बहुतेक लहान मुलांना स्टेरॉइडची गोळी लागू पडते. पहिल्या खेपेला साधारण सहा आठवडे रोज आणि पुढं सहा आठवडे दिवसाआड अशी ती देतात. सूज गेली, लघवी साफ झाली, तरी आजार पुन्हा उलटतो, बऱ्याच मुलांत अनेकदा उलटतो. हे मला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं. दुसऱ्या वेळी सूज आली तेव्हा माझंच काहीतरी चुकलं असं वाटून मी रात्रभर रडले.

एक चूक मात्र खरंच माझी होती. गोळ्यांनी ओंकारचं तोंड चंद्रासारखं गोल झालं, भूक एवढी वाढली की रात्री दोनला उठून भात मागायचा. शेजारपाजारचे म्हणाले, स्टेरॉइडनं पोर कायमचं बिघडतं. मी चौथ्या आठवड्यात गोळी बंद केली. ही गोळी अशी एकदम कधीच थांबवू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करणं कमी करतं, मग एकाएकी बंद केल्यावर जिवावर बेतू शकतं. कमी करायची ती डॉक्टरांच्या हिशोबानंच. तोंडाचा गोलवा नंतर उतरतो. ओंकारचा उतरला.

रोज सकाळची पट्टी

या आजारात आईच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लघवी तपासायची पट्टी. मेडिकलमध्ये युरीन स्ट्रिपची डबी मिळते. सकाळची पहिली लघवी स्वच्छ वाटीत घ्यायची, पट्टी बुडवून लगेच काढायची, कडेचा थेंब झटकायचा आणि आडवी धरायची. डबीवर लिहिलेला वेळ घड्याळ लावून मोजायचा, आमच्या डबीवर साठ सेकंद आहेत. प्रोटीनचा चौकोन पिवळाच राहिला तर ठीक. तो हिरवट होत निळसरकडं झुकू लागला की प्रोटीन जातंय. डबीवरच्या रंगांशी खिडकीच्या उजेडात ताडून बघा, बल्बच्या पिवळ्या उजेडात मी दोनदा फसलेय. आणि आपल्या खानापूरच्या पावसात डबीचं झाकण क्षणभरही उघडं ठेवू नका, ओल लागली की पट्ट्या खोटं बोलतात. पट्ट्या परवडत नसतील तर काचेच्या नळीत लघवी तापवून बघायची जुनी पद्धत डॉक्टरांकडून शिकून घ्या.

वहीत रोज एक ओळ लिहा: तारीख, पट्टी किती प्लस (डबीवर जुळणाऱ्या रंगापाशी लिहिलेलं असतं), वजन, गोळी दिली का, ताप आहे का. वजनाला आमच्या अंगणवाडीच्या ताईंचा काटा कामी आला. पट्टी ओळीनं तीन दिवस तीन प्लस किंवा त्याहून जास्त आली म्हणजे आजार उलटला, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. सूज दिसायची वाट बघायची नाही. वही ठेवायला लागल्यापासून ओंकारला एकदाही ॲडमिट करावं लागलं नाही.

सूज असताना मीठ कमी. लोणचं, पापड, सांडगे, बेकरीचा माल बंद. डाळ मात्र बंद करू नका. किडनीचा आजार म्हणून आमच्या घरी महिनाभर पोराला डाळ दिली नाही, डॉक्टर रागावले. वयाच्या मानानं नेहमीचं जेवण द्यायचं.

कुठं जायचं

सुरुवात बेळगावातच होते. बिम्सचं, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं, जिल्हा रुग्णालय आहे, नेहरूनगरला केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. साधा नेफ्रोटिक चांगले बालरोगतज्ज्ञ सांभाळतात. पण मूल एक वर्षाच्या आतलं असेल, लघवीतून रक्त जात असेल, बीपी वाढलेलं असेल, सहा आठवडे गोळी देऊनही प्रोटीन थांबत नसेल किंवा आजार सारखा उलटत असेल, तर मुलांच्या किडनीचेच डॉक्टर गाठा. त्यांना पीडियाट्रिक नेफ्रॉलॉजिस्ट म्हणतात. मोठ्यांच्या किडनीचे डॉक्टर वेगळे. बेंगळुरूला सेंट जॉन्स आणि इंदिरा गांधी बालआरोग्य संस्था, मुंबईला परळचं वाडिया, इथं हा विभाग आहे. आम्ही बेंगळुरू निवडलं, कारण राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीत पोचता येतं आणि आमचं कार्ड कर्नाटकचं आहे.

कार्डाचं नीट ऐका. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलला पॅकेजच्या, म्हणजे सरकारनं त्या उपचाराला ठरवलेल्या खर्चाच्या, तीस टक्के, तेही दीड लाखापर्यंत. हे ॲडमिट होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळ्या आणि पट्ट्या आपल्या खिशातून. तातडीचं नसेल तर मोठ्या दवाखान्यात जाण्याआधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. आम्ही चिठ्ठीशिवाय गेलो आणि खिडकीवरून परत फिरलो. आधी चिठ्ठी, मग तिकीट. महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले या त्यांच्या आरोग्य योजनेत घ्यायचं ठरवलं. तिकडं जाणार असाल तर आपलं गाव यादीत आहे का, कोणते कागद चालतात, हे त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्यांना, निघण्यापूर्वी विचारा. बेळगावपर्यंत कर्नाटकच्या साध्या एसटीत बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड तेवढं बाळगा.

फाईल एकच ठेवा, तारखेवार. सगळ्यात वर एक कागद: मुलाचं वजन, चालू गोळ्या, किती वेळा उलटलं, कोणत्या लसी झाल्या. खिडकीवर कन्नड चालतं, आत इंग्रजी, आपण मराठी. मला कन्नड बेताचंच येतं, पण चार शब्द पाठ केले. ‘मुख बातैति’ म्हणजे तोंड सुजलंय, ‘ज्वर’ म्हणजे ताप, ‘होट्टे नोवु’ म्हणजे पोटदुखी. एकदा नर्सताई माझं तोडकं कन्नड ऐकून हसल्या आणि चक्क मराठीत बोलू लागल्या. डॉक्टरांचं सांगणं समजलं नाही तर ‘परत सांगा’ म्हणा. मान हलवून बाहेर येऊ नका.

सूज असताना ताप आणि पोटात जोराचं दुखणं, ही जोडी आली तर सकाळची वाट बघायची नाही. पोटातल्या पाण्यात जंतू झालेले असू शकतात. लघवी अगदी कमी झाली, सारख्या उलट्या होऊ लागल्या, धाप लागली, आकडी आली, एक पाय सुजून दुखू लागला, तरीही तसंच. १०८ ला फोन करा.

शाळेत बाईंना चिठ्ठी लिहून द्या: वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी कळवा. स्टेरॉइडवर असलेल्या मुलाला कांजिण्या जड जातात, आणि संसर्ग झाल्याची शंका आल्याबरोबर डॉक्टरांकडं गेलं तर काही करता येतं. लस देणाऱ्या ताईंनाही गोळी चालू असल्याचं सांगा, जास्त डोस असताना जिवंत जंतूंच्या लसी देत नाहीत. न्यूमोनियाची लस मात्र आठवणीनं विचारा.

ओंकारचे बाबा उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, पाळी बदलत असते. ते पट्टी बघायला शिकले तेव्हा मला पहिल्यांदा माहेरी दोन दिवस राहता आलं. घरातल्या आणखी एकाला तरी शिकवाच. आता ओंकार स्वतःच वाटी आणून देतो, साठपर्यंत मोजतो आणि ओरडून सांगतो, ‘आई, पिवळी!’