शिक्का शेवटी बघा

सिंगापूरला आल्यावर पहिल्याच वर्षी एका दुकानदाराने मला ‘छिंग काळातली’, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातली, म्हणून चहाची किटली विकली. घरी आणून उकळतं पाणी ओतलं, तर वर तेलाचा तवंग आणि बुटाच्या पॉलिशचा वास! जुनी दिसावी म्हणून चोळलेली. तेव्हापासून कुठलीही किटली हातात आली की मी आधी झाकण काढून आत नाक घालतो. दुकानदार हसतात, हसू देत.

या किटल्या चीनच्या जिआंग्सू प्रांतातल्या यीशिंगच्या. झिलई नाही, नुसती भाजलेली, झीशा नावाची तिथली माती. काळ ठरवताना नवखे लोक थेट बुडाच्या शिक्क्यावर जातात आणि तिथेच फसतात. मिंग घराण्याच्या अखेरीचा आणि छिंगच्या सुरुवातीचा कुंभार हुई मंगछन, त्याचं नाव पुढे शेकडो वर्षं कुणीही ठोकलं, अगदी सरकारी कारखान्यानेसुद्धा. थोर कारागीर गू जिंगझोऊ यांनीही 1930च्या दशकात शांघायच्या पुराणवस्तू व्यापाऱ्यांसाठी जुन्या किटल्यांच्या नकला केल्या होत्या. मग आपली काय कथा?

म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. हाताने केलेली किटली चाकावर होत नाही. माती थापून पट्टी करतात, ती गोल वळवून टोकं जोडतात. तो सांधा बहुधा कानाच्या बाजूला असतो, आतून बोट फिरवलं की पुसट लागतो. साच्यात पातळ माती ओतून केलेल्या स्वस्त किटलीत तो मिळत नाही.

मग चोचीच्या मुळाशी बघा. माझ्याकडच्या लाल मातीच्या, ‘श्वेइफिंग’ घाटाच्या छोट्या किटलीला तिथे एकच भोक आहे, पत्ती अडकली की काडीने उकरावी लागते. कारखान्याच्या मालात साधारण 1970च्या मध्यापर्यंत हेच चाले. पुढे अनेक भोकं आली, आणि अर्ध्या चेंडूसारखी फुगीर गाळणीही. अर्थात एकभोकी किटली आजही कुणी करू शकतो. अनेक भोकांच्या गाळणीवरून ‘त्याआधीची नाही’ एवढंच सांगता येतं.

आता शिक्का. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत (1966–76) कारागिरांनी स्वतःचं नाव उमटवणं बंद झालं, बुडावर ‘चीन यीशिंग’ अशी चारच अक्षरं. तेव्हा विक्रेता ‘1970ची, अमुक उस्तादाच्या सहीची’ म्हणाला, तर चहा पिऊन उठा.

श्वेइफिंगची आणखी एक गंमत: झाकण काढून काचेवर उपडी ठेवा. तोंड, चोच आणि कान तिन्ही टेकायला हवेत. माझी किंचित डुलते. कारखान्याच्या रोजच्या मालात एवढं चालतं, मी तिला त्यासाठी परत केली नाही.

घरी आणल्यावर साबण मात्र लावू नका, माती वास धरते. माझ्या बायकोने एकदा भांड्यांच्या साबणाने घासली, आणि आठवडाभर चहात लिंबू येत होतं.