पहिला हॅलोवीन, घरातली खोकी आणि एक मोडकी छत्री

ऑगस्टमध्ये आलात, सप्टेंबरमध्ये मुलांची शाळा सुरू झाली, जरा कुठे घडी बसतेय म्हणेपर्यंत ऑक्टोबरच्या मध्यावर दप्तरातून एक कागद येतो: ३१ तारखेला, हॅलोवीनच्या दिवशी, कॉश्च्युम परेड, म्हणजे सोंगं घालून शाळेत मिरवणूक. संध्याकाळी मुलं त्याच सोंगात दारोदार चॉकलेट-गोळ्या गोळा करत फिरतात. न्यू जर्सीत नव्याने आलेल्या आपल्या घरांमध्ये या कागदाने जी धावपळ उडते ती मी दरवर्षी बघते. पहिल्या वर्षी माझीही उडाली होती. घराचं डिपॉझिट, गाडीचा हप्ता, पहिला पगार हातात यायचा होता, आणि दुकानातले तयार पोशाख २५ ते ४० डॉलरना. दोन मुलं असली की महिन्याच्या किराण्याला कात्री. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. यंदा तुमचे पंधरा डॉलरपेक्षा जास्त खर्च होऊ नयेत आणि पोरगं मात्र मिरवत घरी यावं, एवढी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी तो कागद नीट वाचा. बऱ्याच शाळांत मुखवटा चालत नाही, खेळण्यातली तलवार-बंदूक चालत नाही, रक्तबिक्त लावलेलं चालत नाही. काही शाळा हॅलोवीन करतच नाहीत, त्याऐवजी गोष्टीतल्या पात्राचा दिवस ठेवतात. शंका आली तर शिक्षिकेला दोन ओळींची ईमेल करा, इथे त्यात कुणाला काही वाटत नाही.

दुसरी गोष्ट थंडी. मी पहिल्या वर्षी घाबरून ३५ डॉलरचा परीचा झगा आणला, पातळ, बिनबाह्यांचा. ३१ ऑक्टोबरला इथे सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि मग तापमान सात-आठ अंशांवर यायला वेळ लागत नाही. लेकीला वरून जाड जॅकेट घालावं लागलं आणि तो झगा संध्याकाळभर कुणालाही दिसला नाही. ती रडली, मलाही वाईट वाटलं. तेव्हापासून आमच्याकडे पोशाखाची सुरुवात जॅकेटपासून किंवा जाड हुडीपासून होते. उबदार कपडा आधी, सोंग त्याच्यावर चढवायचं.

आता सामान. तुम्ही नुकतेच घर लावलंय, म्हणजे सगळ्यात महागाची वस्तू तुमच्याकडे फुकट पडून आहे: खोकी. शाळेतल्या वेशभूषा स्पर्धेसाठी आईने रात्री जागून पुठ्ठ्याचा मुकुट केला होता ना? गणपतीचं मखर केलंत ना कधी? मग हे तुम्हाला येतंच. कटर, रुंद पॅकिंग टेप, पोस्टर कलर, सेफ्टी पिना, थोडं फेल्टचं कापड, एवढं डॉलर ट्री या स्वस्त वस्तूंच्या दुकानात मिळतं. चेक्सचा शर्ट, काळी हुडी, जुनी टोपी यांसाठी गुडविल या वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात जा, पण जमेल तितक्या लवकर, नंतर लहान मापं उरत नाहीत. आपल्या भागाचा ‘बाय नथिंग’ गट (शेजारीपाजारी एकमेकांना वस्तू फुकट देतात तो) फेसबुकवर शोधा आणि बिनधास्त विचारा. मागच्या वर्षीचे पोशाख लोक आनंदाने देतात.

आमच्या घरातलं सगळ्यात लाडकं सोंग म्हणजे पिवळी स्कूल बस. मुलगा सहा वर्षांचा होता आणि या बसने त्याला वेड लावलं होतं, तुमच्या मुलांनाही लावलं असेलच. सामान हलवायचं मधल्या मापाचं खोकं घ्यायचं, साधारण १८ इंच लांब-रुंद, १६ इंच उंच. वरची आणि खालची झाकणं कापून टाका, म्हणजे नुसती चार भिंतींची चौकट उरेल. ती छातीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत लोंबली पाहिजे. गुडघ्याखाली गेली की मूल चालताना अडखळतं. खांद्यावरून पट्टे लागतात, त्यांना जुन्या दप्तराचे पट्टे उत्तम. पाठीवर त्यांची फुली करा, सरळ ठेवले तर खांद्यावरून सारखे घसरतात. पट्टे पुठ्ठ्याला जिथे जोडाल तिथे आतून टेपचे तीन-चार थर द्या, भोक फाटतं ते तिथेच. मग पिवळा रंग, दोन हात. कागदी बशा हेडलाइट म्हणून, काळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या, बाजूला लाल अष्टकोनी ‘स्टॉप’ची पाटी. ती पाटी मी कागद अडकवायच्या पितळी पिनेवर बसवली होती, त्यामुळे ती उघडायची आणि मिटायची. परेडमध्ये तो दर दहा पावलांवर थांबून ती उघडत होता आणि मागची सगळी रांग खरोखर थांबत होती!

यात दोन चुका झाल्या, त्या तुम्ही करू नका. एक, खोक्याची पुढची भिंत फार पुढे आल्यामुळे त्याला पायाखालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. इथे प्रत्येक दाराशी दोन-चार पायऱ्या असतात आणि संध्याकाळी अंधार. दुसऱ्या घरी तो पडता पडता वाचला. नंतर मी बाजूच्या भिंतींतून सहा-सहा इंचांची पट्टी कापून पुढची भिंत मागे सरकवून चिकटवली. हे आधीच करा. दुसरी चूक रंगाची. पोस्टर कलर पाण्यात विरघळतो हे लक्षातच आलं नाही. सात वाजता भुरभुर पाऊस आला आणि पिवळे ओघळ थेट जॅकेटवर. रंग पूर्ण वाळला की सगळीकडे पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवून टाका, पाणी आत शिरत नाही आणि बस चकाकतेही. आणि हो, खोकं घालून वर्गात बसता येत नाही, तेव्हा आत पिवळा टी-शर्ट असू द्या.

पुठ्ठ्याचा व्याप नको असेल तर वटवाघूळ. घरात मोडकी काळी छत्री असतेच. काड्यांच्या टोकांशी आणि मधे जे दोऱ्याचे टाके असतात ते कापले आणि छत्रीच्या टोकावरची टोपी काढली की कापड सुटं होतं. त्याच्या बहुधा आठ पाकळ्या. तीन पाकळ्यांचा एक पंख, तीनचा दुसरा. पाकळ्या जिथे एकत्र येतात ते टोक काखेत येऊ द्या, एक कड बाहीच्या खालून मनगटाकडे, दुसरी कड बरगडीवरून खाली, आणि काळ्या हुडीला साधा धावदोरा घाला. मनगटापुढे कापड उरलं तर कापा. छत्रीची नक्षीदार कड आपोआप पंखाची कड होते. उरलेल्या दोन पाकळ्यांतून कान कापा, आत जाड फेल्ट घाला म्हणजे उभे राहतात. खर्च शून्य, अंग गरम, दोन्ही हात मोकळे, पाऊस आला तरी चालतो. माझ्या मते लहान मुलांसाठी याहून चांगला पोशाख नाही.

बुजगावणं त्याहून सोपं: मोठा चेक्सचा शर्ट, गुडघ्यांवर रंगीत ठिगळं, जुनी हॅट, नाकावर आयलायनरने त्रिकोण आणि ओठांच्या कडेने टाके. बाह्यांतून गवत म्हणून राफियाच्या, म्हणजे ताडाच्या सुक्या पानांच्या, झिपऱ्या काढतात, पण त्या चटकन पेट घेतात, तेव्हा खऱ्या लोकरीच्या आखूडच ठेवा. दारादारांत भोपळ्यात मेणबत्त्या तेवत असतात, बरोबर लहान मुलांच्या घेराच्या उंचीवर. याच कारणासाठी पांढऱ्या चादरीचं भूतही नको. शिवाय त्यात दिसत नाही आणि ती पायात येते. कचऱ्याच्या पिशवीचा पोशाख लहानग्यांना मुळीच घालू नका.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी, कारण आपल्याकडे ती कुणी सांगत नाही. आपल्या शाळांच्या वेशभूषा स्पर्धेत ‘रेड इंडियन’ किंवा ‘आफ्रिकन’ सर्रास होतं. इथे पिसांचा मुकुट घालून मूळ अमेरिकनांचं सोंग काढणं किंवा तोंडाला काळं फासणं लोकांना खोलवर दुखावतं, त्यामागे इथला फार वेदनेचा इतिहास आहे. मुलाच्या मनात काही नसतं, पण वर्गातल्या दुसऱ्या मुलाला ते लागतं. हे टाळाच. आपल्याकडचं काही करायचं असेल तर मी देव आणि संत घेणार नाही, भुताखेतांच्या रांगेत त्यांना उभं करणं मला रुचत नाही. रिक्षा करा ना! तीच खोक्याची युक्ती, काळा-पिवळा रंग. शेजाऱ्यांना समजावून सांगताना मुलाची छाती फुगते.

संध्याकाळचं थोडक्यात: ज्या घराचा बाहेरचा दिवा चालू असेल तिथेच जायचं. पाठीवर चमकती टेप, हातात टॉर्च, गोळा करायला उशीचा अभ्रा. दारात निळसर हिरवा भोपळा दिसला तर तिथे ॲलर्जीच्या मुलांसाठी खाऊऐवजी छोटी खेळणी असतात. शाकाहारी असाल तर मऊ चघळायच्या गोळ्यांची आणि मार्शमॅलोची पाकिटं घरी आल्यावर वाचा, बऱ्याच गोळ्यांत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. आणि स्वतःच्या दारातला दिवाही लावा, एक-दोन पिशव्या चॉकलेट पुरतात. शेजाऱ्यांशी पहिली ओळख बहुतेकांची याच दिवशी होते.

दिवाळी याच सुमारास येते म्हणून काही घरं हॅलोवीन सोडून देतात. २०२४ साली तर इथे लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकाच संध्याकाळी आले. आम्ही साडेपाचला मुलांना फिरवून आणलं, साडेसातला पूजा केली. पंख काढायला धाकटी तयार नव्हती, तर वटवाघळानेच लाह्या-बत्तासे वाटले.

१ नोव्हेंबरला दुकानांत उरलेला माल निम्म्या किमतीत निघतो. तयार पोशाखांकडे पाहूही नका. चेहऱ्याचे रंग टिकतील याचा भरवसा नसतो, तेही सोडा. फेल्ट, चमकती टेप आणि साधी काळी हुडी मात्र घेऊन ठेवा, हुडी एक माप मोठी.