बांधावर पाखरांकडून झाडं लावून घ्यायची तर

मराठवाड्यात बांधावरचा कडुलिंब किंवा चंदन बहुधा कुणी लावलेला नसतो. बुलबुल, साळुंकी, कोकीळ यांनी टाकलेलं बी उगवलेलं असतं. हेच काम हव्या त्या जागी करून घेता येतं.

पाखरू आधी बघतं ते फळ तोंडात मावतं का. चंदनाचं काळपट जांभळं फळ बुलबुल अख्खं गिळतो. निंबोळी त्याच्या चोचीला अंमळ मोठी. कोकीळ मात्र ती सबंध गिळते आणि अठळी बाहेर टाकते. खाणारा प्रत्येक पक्षी पेरणारा नसतो. पोपट बीच फोडून खातो. हरियल, म्हणजे हिरवं कबूतर, महाराष्ट्राचा राज्यपक्षी खरा, पण उंबराच्या बिया त्याच्या पोटात बहुतेक भरडल्या जातात.

गिळलेलं बी पाखरू जिथं टेकतं तिथं पडतं, म्हणून टेकायला जागा द्या. फळणाऱ्या कडुलिंबापासून किंवा चंदनापासून पन्नास-शंभर मीटरवर, विजेच्या तारांपासून लांब, दहा फुटी वासा दोन फूट गाडा. वर दोन-तीन फांद्या असलेलं बाभळीचं वाळकं लाकूड उत्तम. लोखंडी पाईप नको. उन्हात तापतो, गुळगुळीत असतो.

हे काम मेअखेर उरका, कारण निंबोळ्या जून-जुलैत पिकतात आणि त्यांचं बी थोड्याच आठवड्यांत उगवणशक्ती गमावतं. वाशाखाली दीड मीटर त्रिज्येत हरळी खणून काढा, माती भुसभुशीत करा, वर तुराट्यांचा विरळ थर पसरा. जाड थर केला तर बी मातीला टेकत नाही आणि वरच सुकतं. भोवती बोराटीचं कुंपण हवंच. शेळ्या शिरल्या की कोवळे शेंडे गेले. वखर आणि तणनाशकही या गोलापासून दूर ठेवा.

चंदन अर्धपरजीवी आहे, त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांतून पाणी आणि क्षार घेतात. म्हणून गोलात पाच-सहा तुरीचे दाणे टोकून ठेवा. चंदनाचं रोप उपटून दुसरीकडं लावू नका. मुळांची ही जोड तुटली की ते बहुतेक वाळतं. ताजं बी सुप्तावस्थेत असतं, महिना-दोन महिने काहीच दिसलं नाही म्हणून गोल उकरू नये.

वड-पिंपळाची या गोलात फारशी आशा धरू नका. बी मोहरीहून बारीक, काळ्या मातीत दबून जातं. ती रोपं विहिरीच्या कठड्याच्या फटीत सापडतात. पावसाळ्यात, मुळं दगडात रुतण्याआधी, काढून पिशवीत लावा.

घाणेरी (लँटाना) हे नको असलेलं झुडूपही पाखरांच्या याच वाटेनं येतं. समोरासमोर दातेरी पानं, चुरगळली की उग्र वास, ही तिची खूण. फुलण्याआधी मुळासकट उपटा. नुसती कापली तर पुन्हा फुटते. कडुलिंब-चंदनाची रोपं कमरेइतकी झाली की वासा उपटून पुढच्या जागी रोवा.